जेलिफिनच्या लायब्ररीत एकच चित्रपट दोन-तीनदा दिसतो: कोणती प्रत ठेवावी, कोणती काढावी?

जुनी_डिस्क यांचा प्रश्न:

सप्रेम नमस्कार. घरातला चित्रपटसंग्रह एका जागी आणण्याचे काम मी हाती घेतले आहे आणि ते आता अशा टप्प्यावर आहे की काहीही कायमचे काढून टाकण्यापूर्वी जाणकारांना विचारून घ्यावे असे वाटते. वडिलांनी अनेक वर्षे हौसेने विकत घेतलेल्या मराठी आणि हिंदी चित्रपटांच्या व्हीसीडी व डीव्हीडी आमच्याकडे आहेत. त्यांतल्या बहुतेक मी संगणकावर उतरवून घेतल्या. धाकट्या भावाने त्याआधीच त्यांतल्या काही स्वतःच्या पद्धतीने उतरवून, आकार लहान करून त्याच्या मॅकवर ठेवल्या होत्या, आणि नंतर काही चित्रपटांच्या ब्लू-रे व फोरके तबकड्याही आल्या. हे सगळे मी एका जुन्या डेस्कटॉपवर आणले आहे. त्यावर डेबियन असून चार हार्ड डिस्क मर्जरएफएसने एकत्र केल्या आहेत आणि जेलिफिन (घरातल्या संग्रहातले चित्रपट टीव्हीवर दाखवणारा सर्व्हर) डॉकरमध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात चालते. भावाच्या फाइली त्याच्या मॅकवरून आरसिंकने नेटवर्कमार्गे आल्या.

आता लायब्ररी उघडली की काही चित्रपट एकाच पोस्टरसह दोनदा, क्वचित तीनदा दिसतात. काही ठिकाणी तर अक्षरशः सारख्याच नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी आहेत, जे एका जागी असणे मला अशक्य वाटत होते. व्हीसीडीवरून घेतलेला जवळपास प्रत्येक चित्रपट दोन वेगवेगळ्या चित्रपटांसारखा दिसतो, कारण तो दोन तबकड्यांवर होता. भावाच्या काही प्रती मी नक्की आणल्या होत्या, पण त्या लायब्ररीत कुठेच नाहीत. फोरके प्रत असलेले चित्रपट आईच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीवर अडखळतात, आणि बैठकीच्या खोलीत तेच चित्रपट सुरळीत चालतात.

डिस्क जवळजवळ भरल्या आहेत, त्यामुळे जागा मोकळी करणे भाग आहे. डुप्लिकेट शोधून आपोआप काढून टाकणारे एखादे साधन चालवावे आणि मोकळे व्हावे असा मोह होतो, पण त्यात एखाद्या दुर्मीळ चित्रपटाची एकमेव चांगली प्रत जाईल अशी धास्ती वाटते. कोणत्या क्रमाने जावे, कोणत्या साधनावर विसंबावे आणि दोन प्रतींपैकी कोणती ठेवायची हे कशावरून ठरवावे, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.


रात्रपाळी यांचे उत्तर:

नमस्कार. आपण थांबून विचारलेत हे बरे झाले, कारण आपल्या वर्णनात किमान चार निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि पडद्यावर त्या सगळ्या ‘डुप्लिकेट’ म्हणूनच दिसतात. एकाच साधनाने चारही सुटणार नाहीत, आणि त्यांतल्या दोन बाबतीत तर काहीच काढून टाकायचे नसते.

सर्वांत आधी डॉकरच्या मांडणीत चित्रपटांचा फोल्डर जेलिफिनला केवळ वाचण्यापुरता उपलब्ध करून द्यावा. जेलिफिनच्या पडद्यावरचे ‘डिलीट’ हे बटण या कामासाठी वापरू नये. चित्रपट स्वतंत्र फोल्डरमध्ये असेल, तर ते बटण एका फाइलऐवजी अख्खा फोल्डर काढू शकते, म्हणजे नको असलेल्या प्रतीबरोबर हवी असलेली प्रत आणि सबटायटलही जातात. जे काढायचे ते फाइल-व्यवस्थेच्या पातळीवर, आपल्या हाताने काढावे.

आता मर्जरएफएसबद्दल, कारण आपल्या बाबतीत खरा धोका तिथे आहे. दोन डिस्कवर एकाच मार्गाने एकाच नावाची फाइल असेल, तर एकत्रित फोल्डरमध्ये त्यांपैकी एकच दिसते. दुसरी जागा व्यापते, पण जेलिफिनला ती कधीच दिसत नाही. आपल्या भावाच्या ‘हरवलेल्या’ प्रती बहुधा अशाच झाकल्या गेल्या आहेत, आणि नाव सारखे असले तरी आतला मजकूर वेगळा असण्याची पूर्ण शक्यता आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एकत्रित मार्गावरून अशी फाइल काढली तर मर्जरएफएसच्या मूळ मांडणीप्रमाणे ती ज्या ज्या डिस्कवर असेल त्या सर्व डिस्कवरून निघून जाते. म्हणून तपासणी आणि साफसफाई प्रत्येक डिस्कच्या स्वतःच्या मार्गावरूनच करावी. डुप्लिकेट शोधणाऱ्या साधनाला एकत्रित मार्ग आणि मूळ डिस्कचा मार्ग हे दोन्ही एकाच वेळी चुकूनही देऊ नयेत, कारण त्याला एकच फाइल दोन ठिकाणी दिसेल, ती दोन वाटेल, आणि ‘दुसरी’ म्हणून ते एकमेव असलेली फाइल उडवील. अशा झाकलेल्या जोड्या शोधण्यासाठी मर्जरएफएसच्या साधनसंचात वेगळी आज्ञा आहे. ती आधी केवळ यादी पाहण्यासाठी वापरावी.

बाइट-न्-बाइट सारख्या असलेल्या फाइली शोधण्यासाठी मी आरडीफाइंड वापरतो. ते आधी फाइलींचे आकार जुळवते, मग सुरुवातीचे आणि शेवटचे काही बाइट पाहते आणि त्यातून उरलेल्यांचाच चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढते, त्यामुळे मोठ्या चित्रपटांवरही ते फारसे रेंगाळत नाही. आज्ञेत जो फोल्डर आधी लिहिला असेल त्यातली फाइल ते मूळ मानते, म्हणून ज्या डिस्कवर आपला भरवसा जास्त तिचे नाव आधी द्यावे. ‘ड्राय रन’ हा पर्याय ठेवूनच पहिली फेरी करावी आणि तयार झालेली यादी शांतपणे वाचावी. एफड्यूप्स आणि जेड्यूप्स हीदेखील याच कामाची साधने आहेत.

मात्र या मार्गाने आपल्याला फार जागा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. एकाच डीव्हीडीवरून दोघांनी वेगवेगळ्या सेटिंगने उतरवलेल्या फाइलींत एकही सलग तुकडा सारखा नसतो, आणि त्यामुळे झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल-व्यवस्थांचे ब्लॉक पातळीवरचे डीड्यूप्लिकेशनही (सारखे तुकडे एकदाच साठवणे) त्यांच्यापुढे निष्प्रभ ठरते. उलट, एखाद्या एमकेव्ही फाइलचे केवळ शीर्षक बदलले असेल तर चित्र-आवाज तेच असूनही पूर्ण फाइलचा चेकसम बदलतो. अशी शंका असेल तिथे एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनाला पुनर्रूपांतर न करता फक्त चित्रप्रवाहाचा एमडीफाइव्ह (एक प्रकारचा चेकसम) काढायला सांगावे. तो जुळला तर चित्र निःसंशय एकच आहे, मग आवाजाचे ट्रॅक तेवढे पाहून घ्यावेत.

हार्डलिंकचीही खातरजमा करून घ्यावी. कधीकाळी एखाद्या साधनाने फाइली हलवताना हार्डलिंक केल्या असतील, तर दोन ठिकाणी दिसणारी फाइल डिस्कवर एकदाच असते आणि त्यांतले एक नाव काढून एक बाइटही मोकळा होत नाही. एलएसच्या सविस्तर यादीत लिंकची संख्या दिसते. ती एकपेक्षा जास्त असेल तर ती जोडी सरळ बाजूला ठेवावी.

आता उरले ते पडद्यावरचे दुहेरी दर्शन. एकाच चित्रपटाच्या दोन प्रती जाणीवपूर्वक ठेवायच्या असतील, तर त्या एकाच फोल्डरमध्ये असाव्यात आणि प्रत्येक फाइलचे नाव फोल्डरच्या पूर्ण नावाने सुरू व्हावे, त्यातल्या कंसातल्या वर्षासकट; त्यानंतर रिकामी जागा, आडवी रेघ, रिकामी जागा आणि मग प्रतीची ओळख. एखादा स्वल्पविराम किंवा एखादी जास्तीची रिकामी जागा आली तरी जेलिफिन त्यांना दोन चित्रपट समजते. प्रती निरनिराळ्या फोल्डरांत असतील तर त्या आपोआप एकत्र येत नाहीत. मात्र पडद्यावर दोन्ही निवडून ‘ग्रुप व्हर्जन्स’ करता येते. मी स्वतः नावे नीट करण्याच्या बाजूचा आहे, कारण हाताने केलेली जोडणी सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये राहते आणि डेटाबेस नव्याने बांधावा लागला की तीही जाते.

काढायच्या फाइली लगेच पुसू नयेत. प्रत्येक डिस्कवर ‘प्रतीक्षा’ अशा एखाद्या नावाचा फोल्डर करून त्यात हलवाव्यात. त्याच डिस्कवर असल्यामुळे हे काम क्षणात होते. त्या फोल्डरमध्ये केवळ डॉट-इग्नोर या नावाची रिकामी फाइल ठेवली की जेलिफिन तिकडे पाहत नाही. घरात सर्वांनी काही आठवडे नेहमीसारखे चित्रपट पाहिले आणि कोणाचीच तक्रार आली नाही, की मग पुसावे.


फिरती_रिळे यांचे उत्तर:

वरील उत्तर उत्तम आहे. मी फक्त नावांच्या बाजूने भर घालते, कारण मराठी संग्रहात अर्धा घोळ तिथेच असतो.

अगदी सारख्या नावाचे दोन फोल्डर शेजारी दिसतात, असे आपण लिहिले आहे. त्या नावांत ‘ऱ्’ आहे का ते पाहावे, म्हणजे ‘वऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांसारखा एखादा शब्द. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे एक स्वतंत्र अक्षर आहे, पण तेच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. दोन्ही रूपे अधिकृतपणे समान मानली जातात आणि डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल-व्यवस्था नावे विघटित रूपात साठवत असे आणि आरसिंक ती जशीच्या तशी पाठवते. लिनक्सची ईएक्सटीफोर मात्र नावाकडे केवळ बाइटची माळ म्हणून पाहते. आपण लिनक्सवर टंकलेल्या नावात ‘ऱ्’ सहा बाइटांचा असेल आणि भावाच्या मॅकवरून आलेल्या नावात नऊ बाइटांचा, म्हणून सर्व्हरच्या लेखी ते दोन फोल्डर झाले. नाव हेक्सडंपमध्ये पाहिले की फरक तत्काळ दिसतो.

यावर कन्व्हएमव्ही हे छोटे साधन आहे. त्याला यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्येच, पण एनएफसी, म्हणजे जोडलेल्या अक्षरांच्या रूपात नावे बदलायला सांगावे. ते आपणहून काहीच बदलत नाही, आधी काय बदलेल ते दाखवते, आणि ‘नोटेस्ट’ हा पर्याय दिल्यावरच खरे काम करते. बदललेल्या नावाची फाइल आधीपासून असेल तर तिच्यावर ते आपणहून लिहीत नाही, त्यामुळे खऱ्या जोड्या तुमच्यासमोर तशाच उरतील आणि त्या हाताने पाहता येतील. पुढे मॅकवरून काही आणायचे झाल्यास आरसिंकलाच ‘आयकॉन्व्ह’ या पर्यायाने हे रूपांतर करायला सांगता येते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा: काही कीबोर्ड ‘ऱ्’ हा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशा तीन चिन्हांनी लिहितात. ते रूप एनएफसीने बदलत नाही, ती नावे स्वतःच टंकून घ्यावी लागतात.

फोल्डरच्या नावातले वर्ष इंग्रजी अंकांतच लिहावे. नाव देवनागरीत असले तरी चालते, परंतु जेलिफिन वर्ष ओळखताना इंग्रजी अंकच शोधते, आणि वर्ष ओळखले गेले नाही की एकाच नावाच्या दोन चित्रपटांत गल्लत झालीच म्हणून समजा. ‘श्यामची आई’ हा १९५३ चाही आहे आणि २०२३ चाही. वर्षाने भागत नसेल तिथे फोल्डरच्या नावात चौकोनी कंसात रोमन लिपीत टीएमडीबी या चित्रपटांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यातला क्रमांक घालावा. मग अंदाजाला जागाच उरत नाही. मात्र तो फोल्डरच्या नावात घातला की रात्रपाळी यांनी सांगितलेल्या नियमानुसार फाइलच्या नावातही तसाच यायला हवा.

आणि कृपया कोणतेही साधन चालवण्यापूर्वी जुन्या द्वैभाषिक चित्रपटांची यादी वेगळी काढावी. प्रभात कंपनीने पुष्कळ चित्रपट मराठी आणि हिंदीत स्वतंत्रपणे चित्रित केले. १९३७ चा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, १९४१ चा ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’ झाला. दृश्यरचना आणि नेपथ्य इतके मिळतेजुळते आहे की चित्रे ताडून पाहणारे साधन त्यांना एकच ठरवू शकते, परंतु ‘शेजारी’त केशवराव दाते आहेत आणि ‘पडोसी’त त्यांच्या जागी मझहर खान. हे एकाच चित्रपटाचे दोन आवाज नव्हेत, दोन चित्रपट आहेत. ‘पिंजरा’ही शांताराम यांनी मराठीबरोबर हिंदीत केला आणि तिथे नावसुद्धा तेच आहे, त्यामुळे एकाच्या फाइलवर दुसऱ्याचे पोस्टर चढते आणि माणूस बेधडक एक काढून टाकतो.

पोस्टर चुकीचे आले की अनेकजण फोल्डरचे नाव बदलतात आणि काहीच फरक पडत नाही म्हणून वैतागतात. आत एनएफओ फाइल (चित्रपटाची माहिती लिहिलेली छोटी फाइल) पडलेली असते, तिच्यात जुनाच क्रमांक असतो आणि जेलिफिन आधी तिच्यावर विश्वास ठेवते. भावाने कोडी हे चित्रपट पाहण्याचे सॉफ्टवेअर वापरले असेल, तर त्याच्या फोल्डरांत अशा फाइली हमखास सापडतील.


जुनी_डिस्क:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सारख्या नावाच्या सर्व फोल्डरांत खरोखरच ‘ऱ्’ निघाला, आणि भावाकडे कोडीही होते. झाकलेल्या फाइलींची यादी काढली तेव्हा भावाच्या हरवलेल्या प्रती दुसऱ्या डिस्कवर सुखरूप सापडल्या. त्यांची नावे बदलून त्या आता दिसू लागल्या आहेत.

त्यामुळे दिसणाऱ्या जोड्या कमी होण्याऐवजी वाढल्या, हे ओघाने आलेच. आता खरा प्रश्न निवडीचा आहे. सर्वाधिक रेझोल्यूशनची प्रत ठेवावी आणि बाकीच्या काढाव्यात, असा सरसकट नियम केला तर चालेल का? काही जोड्यांत एक प्रत दोन तास तीस मिनिटांची आणि दुसरी दोन तास चोवीस मिनिटांची आहे, तेव्हा लहान प्रतीत काही कापले असावे असे वाटते.


चंदेरी_पडदा यांचे उत्तर:

सरसकट नियम करू नये, आणि विशेषतः रेझोल्यूशनचा तर नकोच.

आधी त्या सहा मिनिटांचे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो २५ चौकटींनी चालवला जातो. त्यामुळे तो सुमारे चार टक्के वेगाने धावतो आणि १५० मिनिटांचा चित्रपट बरोबर १४४ मिनिटांत संपतो. आपले आकडे या हिशेबात चपखल बसतात, तेव्हा बहुधा काहीही कापलेले नाही. मीडियाइन्फो या फाइलीची माहिती दाखवणाऱ्या साधनात दोन्ही फाइलींचा चौकट-दर पाहावा. दर सारखा असूनही लांबीत फरक असेल तरच कात्रीचा संशय घ्यावा, आणि मग मध्यंतराची पाटी, सुरुवातीचे सेन्सॉर प्रमाणपत्र, एखादे गाणे अशा ठिकाणी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात. गाणी गाळलेल्या प्रती जुन्या चित्रपटांत पुष्कळ आढळतात.

आता रेझोल्यूशन. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे आपले जवळजवळ सगळे चित्रपट चौकोनाच्या जवळ जाणाऱ्या पडद्यासाठी, साधारण १.३७ : १ या प्रमाणात चित्रित झालेले आहेत. रुंद टीव्ही भरून दिसावा म्हणून त्यांच्या काही नव्या ‘एचडी’ प्रतींत वरचा आणि खालचा भाग छाटलेला असतो. समूहदृश्यात मागच्या माणसांची डोकी उडतात आणि नृत्यात पावले दिसत नाहीत. अशा वेळी मी ७२० × ५७६ ची साधी डीव्हीडी प्रत ठेवतो आणि १०८०पी ची प्रत बिनदिक्कत काढतो. दुसरीकडे, काही प्रतींचे रेझोल्यूशन नुसते आकड्यापुरते वाढवलेले असते. डीव्हीडीवरचेच चित्र ताणून मोठे केले तर त्यात नवा तपशील कुठून येणार? चेहऱ्याचा जवळचा एक प्रसंग आणि गर्दीचा एक प्रसंग थांबवून दोन्ही प्रतींत पाहिला की हे डोळ्यांनाच कळते, त्यासाठी कोणत्याही साधनाची गरज नाही.

माझा क्रम असा असतो: चित्रपट पूर्ण आहे का, चौकट पूर्ण आहे का, मूळ भाषेचा आवाज आहे का, सबटायटल आहेत का, आणि त्यानंतर कुठे रेझोल्यूशन आणि बिटरेट. सबटायटल किंवा आवाज एका प्रतीत चांगला आणि चित्र दुसरीत चांगले असेल, तर एमकेव्हीटूलनिक्सने दोन्ही एकत्र करून एकच फाइल करता येते. अर्थात वर सांगितलेला चौकट-दर सारखा असेल तरच, नाहीतर आवाज हळूहळू चित्राच्या पुढे पळतो. सबटायटल वेगळ्या एसआरटी फाइलीत असतील तर व्हिडिओ काढताना त्या अनाथ होऊन राहतात, कारण त्यांचे नाव व्हिडिओच्या नावाशी जुळावे लागते. तेवढे नाव बदलून त्या उरलेल्या प्रतीला जोडून द्याव्यात.

जागेच्या दृष्टीनेही थोडा हिशेब करावा. सेकंदाला १० मेगाबिट दराची १५० मिनिटांची प्रत सुमारे ११.२५ गिगाबाइटची होते, तर पूर्ण व्हीसीडीच्या दोन्ही तबकड्या मिळून दीड-दोन गिगाबाइटच्या आत संपतात. म्हणजे वीस व्हीसीडी प्रतींवर घासाघीस करण्यापेक्षा दोन-तीन फुगलेल्या ब्लू-रे प्रतींचा निर्णय लावला तर जास्त जागा मिळते. संग्रह आकाराप्रमाणे उतरत्या क्रमाने लावावा आणि वरच्या टोकापासून सुरुवात करावी.

फोरके प्रतींचा मामला वेगळा आहे आणि तिथे दोन प्रती ठेवणे मला योग्य वाटते. आवृत्त्यांच्या ओळखीत रोमन लिपीत १०८०पी, २१६०पी असे लिहिले असेल, तर जेलिफिन मोठा आकडा आधी लावते आणि पहिली आवृत्ती आपोआप निवडली जाते. म्हणजे आईच्या खोलीतल्या टीव्हीलाही फोरके एचडीआर प्रत दिली जाते, तो टीव्ही ती पेलू शकत नाही, म्हणून सर्व्हर चालता चालता तिचे रूपांतर करू लागतो आणि जुन्या डेस्कटॉपची दमछाक होते. त्यातही एखादी प्रत डॉल्बी व्हिजन या एचडीआर प्रकाराच्या पाचव्या प्रोफाइलची असेल, तर ते न जाणणाऱ्या टीव्हीवर चित्र जांभळे-हिरवे दिसते, कारण त्या प्रोफाइलमध्ये साध्या एचडीआरचा आधारच नसतो. यावर सोपा मार्ग असा की, फोरके प्रतींची स्वतंत्र लायब्ररी करावी, तिचा फोल्डर वेगळा ठेवावा आणि ती केवळ बैठकीच्या खोलीतल्या वापरकर्त्याला दिसेल अशी व्यवस्था करावी. तिथे चित्रपट दोनदा दिसेल, पण जाणूनबुजून.


कट्ट्यावरचा_प्रेक्षक यांचे उत्तर:

मी जेलिफिनसारखेच काम करणारे प्लेक्स वापरतो, म्हणून थोडक्यात लिहितो. पुढेमागे कोणी तिकडून हा धागा वाचेल. प्लेक्सचा स्वभाव याच्या उलट आहे. एका लायब्ररीतल्या दोन फाइली त्याने एकाच चित्रपटाशी जुळवल्या, की तो त्यांना आपणहून एका पोस्टरखाली घेतो. त्यामुळे तिथे डुप्लिकेट डोळ्यांना दिसतच नाहीत. गाळणीत ‘डुप्लिकेट्स’ हा पर्याय निवडल्यावर ते समोर येतात. आणि म्हणूनच तिथे चूकही उलट्या दिशेने होते: फिरती_रिळे यांनी सांगितलेले मराठी आणि हिंदी चित्रपट चुकीच्या जुळणीमुळे एकाच पोस्टरखाली जाऊ शकतात. अशा वेळी ‘स्प्लिट अपार्ट’ करून प्रत्येकाची जुळणी पुन्हा करावी. दिग्दर्शकाची प्रत, लांबवलेली प्रत अशा आवृत्त्या वेगळ्या दाखवायच्या असतील तर फाइलच्या नावात महिरपी कंसात ‘एडिशन’ लिहिण्याची सोय आहे, पण तिला प्लेक्स पास लागतो.


जुनी_डिस्क:

चौकट-दर तपासले आणि सहा मिनिटांचे कोडे सुटले. एका चित्रपटात मात्र दर सारखाच असून एक लावणी गायब आहे, तेव्हा ती लहान प्रत ‘प्रतीक्षा’ फोल्डरमध्ये गेली. फोरकेची वेगळी लायब्ररीही केली आहे.

शेवटची अडचण व्हीसीडीच्या दोन भागांची. त्यांना फाइलच्या नावातूनच एकत्र करावे की खरोखर जोडून एक फाइल करावी?


रात्रपाळी:

दोन्ही शक्य आहे. फाइलींच्या नावांच्या शेवटी रोमन लिपीत आडवी रेघ देऊन ‘सीडी१’ आणि ‘सीडी२’ लिहिले, अर्थात अंकही इंग्रजीच, तर जेलिफिन त्यांना एका चित्रपटाचे दोन भाग समजते आणि एकामागून एक चालवते. पण भाग आणि आवृत्त्या ही दोन्ही प्रकरणे त्याला एकत्र झेपत नाहीत. ज्या चित्रपटाची डीव्हीडी प्रतही त्याच फोल्डरमध्ये आहे तिथे पुन्हा दोन-तीन पोस्टर दिसू लागतील. म्हणून मी जोडण्याचा सल्ला देईन.

ज्या चित्रपटाची पूर्ण आणि न छाटलेली डीव्हीडी प्रत आपल्याकडे आहे, त्याची व्हीसीडी प्रत जोडत बसू नये. व्हीसीडीचे चित्र ३५२ × २८८ चे असते आणि ठरलेल्या दराने साठवलेले असते, त्यामुळे ती डीव्हीडीहून सरस निघणे कठीण. ती सरळ ‘प्रतीक्षा’त टाकावी. जे चित्रपट फक्त व्हीसीडीवरच आहेत तेवढेच जोडावेत.

तबकडीवरची डीएटी फाइल जशीच्या तशी घेतली असेल तर आधी व्हीसीडी-इमेजर संचातल्या व्हीसीडीएक्सरिपने तबकडीवरून शुद्ध एमपेग फाइल काढावी. मग एमकेव्हीटूलनिक्समध्ये पहिला भाग उघडावा आणि दुसरा भाग ‘अपेंड’ या पर्यायाने जोडावा. साधे ‘ॲड’ केले तर दोन्ही भाग समांतर ट्रॅक म्हणून बसतात आणि पाहणाऱ्याला फक्त पूर्वार्ध मिळतो. व्हीसीडीचे मानक कडक असल्यामुळे दोन्ही भागांचा आकार, चौकट-दर आणि आवाजाची पद्धत सहसा सारखीच असते, त्यामुळे पुनर्रूपांतराची गरज पडत नाही आणि गुणवत्ताही घटत नाही. जोडाच्या जागी मिनिटभर मागेपुढे चित्रपट चालवून पाहावा. तिथे आवाज सरकलेला वाटला, तर प्रत्येक भाग आधी स्वतंत्र एमकेव्ही करावा आणि मग ते दोन जोडावेत. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. मूळ दोन भाग मात्र जोडलेली फाइल शेवटपर्यंत एकदा पाहून होईपर्यंत ‘प्रतीक्षा’ फोल्डरमध्येच राहू द्यावेत.